कापशीची वाकडी मान: घरच्या शुश्रूषेचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कापशी (नाव बदललेलं) ही साडेचार वर्षांची, लोंबत्या कानांची मादी ससा. नसबंदी झालेली, वजन दोन किलोंच्या थोडं वर. तिचा जोडीदार भुऱ्या, त्याचीही नसबंदी झालेली. दिवसा दोघं घरभर मोकळे, रात्री जाळीच्या आवारात. घरात माणसं दोन: नोकरी करणारी मुलगी आणि तिची वयस्क आई. आईला संधिवात असून त्यासाठी रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होती.

प्रकरण सुरू होण्याआधी काही आठवडे कापशी डावा कान मागच्या पायाने खाजवत होती, मधूनच डोकं झटकत होती. कानात मेण दिसलं, ते बाहेरून पुसलं, खाजवणं कमी झालं आणि विषय मागे पडला. लोंबत्या कानाच्या सशांमध्ये कानाची नळी मुळापाशी दुमडलेली असते. मेणाला बाहेर यायला वाट नसते, आत ओल साचते, आणि मधल्या कानापर्यंत संसर्ग पोचला तरी बाहेरून फारसं काही दिसत नाही. असा ससा पाळणाऱ्याने हे एवढं तरी माहीत करून घ्यावं.

पहिली सकाळ

सकाळी कापशी आवाराच्या कोपऱ्यात आडवी पडलेली सापडली. डोकं डावीकडे इतकं वळलेलं की एक डोळा जमिनीकडे आणि दुसरा छताकडे. उचलायला हात लावला तशी ती स्वतःभोवती गरागरा लोळायला लागली. बुबुळं आडवे हिसके देत हलत होती. मुलीला वाटलं फिट आली. आईला वाटलं, रात्री कुठूनतरी पडून मान मोडली.

अशा वेळी मान बहुतेकदा धडधाकट असते. बिघडलेली असते ती तोल सांभाळणारी यंत्रणा, आतल्या कानातली किंवा कानाकडून संदेश घेणाऱ्या मेंदूच्या भागातली. एका बाजूचे संदेश बंद पडले की जनावराला जग फिरल्यासारखं वाटतं आणि ते त्या बाजूला कलंडत जातं. लोळताना ससा शुद्धीत असतो आणि भयंकर घाबरलेला असतो. फिटमध्ये शुद्ध हरपते. हा फरक हाताशी असलेला बरा, कारण फिट आलेल्या जनावराला दाबून धरायचं नसतं, तर लोळणाऱ्या सशाला टॉवेलात गुंडाळून अंगाशी घट्ट धरलं की तो थोड्या वेळात निवतो.

पहिला प्रश्न होता, संध्याकाळपर्यंत थांबायचं की लगेच निघायचं. त्याचं उत्तर मानेने दिलं नाही, रात्रीच्या गवताने दिलं. गवत जसंच्या तसं पडलेलं, लेंड्या मोजक्या आणि बारीक. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. दहाबारा तास पोटात काही गेलं नाही तर ते मंदावतं, वायू धरतो, दुखायला लागतं आणि दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. मुलगी कामावर न जाता तडक दवाखान्यात गेली.

जवळच्या दवाखान्यात मुख्यतः कुत्री-मांजरं येत. तिथल्या डॉक्टरांनी मेंदूतला झटका असावा असं सांगून स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि तोंडाने द्यायचं अमॉक्सिसिलिन सुचवलं. कुत्र्यामांजरांत ही दोन्ही रोजच्या वापरातली औषधं. सशात मात्र पेनिसिलिन गटातली औषधं तोंडाने दिली तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि जीवही जाऊ शकतो. क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिनचंही तेच. स्टेरॉइडबद्दल सशांचे पशुवैद्य फार सावध असतात, कारण मागे संसर्ग असेल तर शरीराचा उरलासुरला प्रतिकारही त्याने दबतो. मुलीने "थोडं विचारून सांगते" म्हटलं आणि बाहेर येऊन सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना फोन लावला. दोन्ही औषधं घ्यायची नाहीत आणि आजच दाखवायला यायचं, असं ठरलं. या संपूर्ण प्रकरणात इतका कमी वेळ लागलेला आणि इतका मोलाचा दुसरा निर्णय नाही.

तपासणी आणि निदानाचा पेच

दुसऱ्या दवाखान्यात ताप नव्हता, अंग थंडही पडलेलं नव्हतं. सशाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सियस असतं आणि त्याखाली घसरणं हे तापापेक्षा वाईट लक्षण मानतात. डाव्या कानात घट्ट मेण, त्यामुळे पडदा दिसेना. बुबुळांचा वेगवान हिसका उजवीकडे होता. डाव्या बाजूचा ओठ किंचित लोंबत होता आणि डावी पापणी पूर्ण मिटत नव्हती.

संशयित दोन होते. एक, मधल्या आणि आतल्या कानाचा जिवाणूसंसर्ग. दुसरा, एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा सूक्ष्म परजीवी. सशांमध्ये त्याचं पहिलं वर्णन १९२२ साली झालं. तो बुरशीच्या जवळचा समजला जातो, बाधित सशाच्या लघवीतून त्याचे बीजाणू पसरतात आणि मेंदू, मूत्रपिंड व डोळ्याच्या भिंगावर त्याचा डोळा असतो. यांखेरीज डोक्याला मार, गाठ, शिशाची विषबाधा अशी यादी लांबते, पण तशी काही खूण इथे नव्हती.

ओठ लोंबणं आणि पापणी न मिटणं कानाकडे बोट दाखवत होतं, कारण चेहऱ्याची नस मधल्या कानाला अगदी लागून जाते. आडवे हिसकेही त्याच्याशी जुळत होते. बुबुळं उभी, वरखाली हलत असती तर मेंदूचा संशय बळावला असता. रक्ततपासणीत परजीवीविरुद्धची प्रतिपिंडं मात्र सापडली, आणि इथेच बरेच पालक "निदान झालं" म्हणून सुटकेचा श्वास टाकतात. तो घाईचा ठरतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका पाहणीत वरवर निरोगी पाळीव सशांपैकी निम्म्यांहून थोड्या जास्त सशांत ही प्रतिपिंडं होती. त्यांचा अर्थ इतकाच की या सशाची त्या परजीवीशी कधीतरी गाठ पडली आहे. चाचणी नकारात्मक आली असती तर तिचा उपयोग जास्त झाला असता, परजीवी जवळपास बाद करता आला असता. एक्स-रेमध्ये डाव्या कानामागची हाडाची पोकळी जराशी धूसर दिसली. त्यावरून छातीठोक काही सांगता येत नव्हतं.

उपचाराचे पर्याय

पर्याय तीन होते: सीटी स्कॅन करून मग औषध ठरवायचं, एकाच संशयितावर उपचार करून वाट पाहायची, किंवा दोन्हींवर एकदम सुरू करायचं. सीटी कानाच्या आतलं खूपच स्पष्ट दाखवतो, पण त्यासाठी भूल किंवा झोपेचं औषध द्यावं लागणार, आणि कापशी त्या दिवशी त्यासाठी बरीच अशक्त होती. एकावरच पैज लावली आणि ती चुकली तर हातातले सर्वात किमती दिवस गेले असते. पशुवैद्यांनी दोन्ही आघाड्या उघडल्या. कानासाठी एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक, तोंडाने. परजीवीसाठी फेनबेंडाझोल, किलोमागे २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, २८ दिवस. दुखणं आणि सूज यासाठी मेलॉक्सिकॅम, चक्करेसाठी मेक्लिझिन.

औषधांकडून काय अपेक्षा ठेवायची हे त्यांनी तेव्हाच बोलून घेतलं. फेनबेंडाझोल परजीवीची वाढ रोखतं, आधीच झालेली इजा भरून काढत नाही. काही सशांत ते अस्थिमज्जेवर परिणाम करतं, म्हणून दुसऱ्या आठवड्यात रक्तपेशी तपासायच्या ठरल्या (त्या ठीक निघाल्या). आणि कानात घरून काहीही घालायचं नाही. पडदा फाटलेला असेल तर काही थेंब आतल्या कानालाच इजा करतात.

दवाखान्यात ठेवायचं की घरी न्यायचं, यावर थोडी चर्चा झाली. दवाखान्यात सलाइन आणि देखरेख होती, पण शेजारी भुंकणारी कुत्री आणि रात्री माणूस नाही. आई दिवसभर घरी असल्यामुळे पारडं घराकडे झुकलं. त्वचेखाली सलाइन देऊन, भरवण्याची पद्धत प्रत्यक्ष शिकवून, त्यांना त्याच दिवशी सोडलं.

घरची व्यवस्था

पहिला प्रश्न जागेचा. आपल्याला वाटतं आजाऱ्याला ऐसपैस जागा हवी. लोळणाऱ्या सशाचं उलट असतं, लोळायला जागा मिळाली की तो लोळतच राहतो. कापशीला तिच्या अंगाला जेमतेम बसेल एवढी चौकट दिली. चारी बाजूंना टॉवेलांच्या जाड गुंडाळ्या, खाली ओल शोषणारा पॅड आणि त्यावर लोकरीसारखं मऊ कापड, ज्यात नखं रुतून पकड मिळते. डाव्या अंगाला, ज्या बाजूला ती कलंडायची, गुंडाळी जास्त जाड. अंधार केला नाही. तोल गेलेला प्राणी डोळ्यांच्या आधारावर जगतो, मिट्ट काळोखात त्याची उरलीसुरली दिशाही जाते. रात्रभर मंद दिवा चालू ठेवला. तिच्या डोक्यावरून एकदम हात न्यायचा नाही, उचलायचं फक्त गरज असेल तेव्हा, आणि उचलण्याआधी बोलायचं, असे नियम मुलीने वहीत लिहिले. मान हाताने सरळ करायला जायचं नाही, हाही.

दुसरा प्रश्न पोटाचा, आणि खरी लढाई तिथेच झाली. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे चक्कर असूनही बरेच ससे भुकेले राहतात. फक्त त्यांना अन्नापर्यंत पोचता येत नाही. कापशीसमोर वाटी ठेवली की ती वाटीच्या बाजूच्या हवेत तोंड मारायची. पहिल्या दिवशी ती स्वतःहून काहीच खाईना, म्हणून गवताच्या भुकटीपासून बनवलेलं आजारी सशांचं तयार अन्न कोमट पाण्यात कालवून सिरिंजने दिलं. टॉवेलात गुंडाळून, पोटावर बसवून, सिरिंज ओठाच्या कोपऱ्यातून आत, एका वेळी अगदी थोडं, चावून गिळेपर्यंत थांबायचं. उताणं करून भरवलं किंवा घाई केली तर अन्न फुप्फुसात जातं. रोजचं एकूण प्रमाण पशुवैद्यांनी वजनावरून ठरवून दिलं होतं आणि ते दिवसभरात बऱ्याच छोट्या फेऱ्यांत संपवायचं होतं. पाणी वाटीत ठेवून उपयोग नव्हता, ते सिरिंजने आणि धुऊन ओल्याच ठेवलेल्या पालेभाजीतून गेलं.

दुसऱ्या दिवशी आईने गवताची लांब काडी कापशीच्या ओठाला लावून धरली. ती कुरतडत कुरतडत शेवटापर्यंत आली. मग पुढची काडी. सिरिंजपेक्षा हे कितीतरी मोलाचं, कारण लांब तंतूंनी आतडं हलतं आणि दात झिजतात. तासन्‌तास काड्या धरून बसायचं काम आईने आपणहून घेतलं.

मोजमापं साधी ठेवली: रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, लेंड्यांचा आकार आणि अंदाजे संख्या, किती सिरिंज गेल्या, आणि एकाच जागेवरून घेतलेला छोटा व्हिडिओ. मानेच्या कोनाची नोंद मुलीने मुद्दाम ठेवली नाही. माझ्या मते तिने बरोबर केलं. कोन दिवसातही बदलतो, घाबरल्यावर वाढतो, आणि त्याच्याकडे टक लावून बसलेल्या माणसाला रोज निराशाच मिळते.

मऊ लेंड्यांचाही प्रश्न होता. ससा त्या थेट गुदद्वारातून तोंडात घेतो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. कापशीला तिथवर वाकता येत नव्हतं, त्या केसांना चिकटून बसत. मुलगी त्या अलगद काढून तिच्या तोंडापुढे धरायची, आणि ती खायची. मागचा भाग रोज ओल्या कापडाने पुसून पूर्ण कोरडा करणं आवश्यक होतं, नाहीतर लघवीने कातडी भाजल्यासारखी होते.

डोळा

तिसऱ्या दिवशी डावा डोळा पाणावला आणि अर्धा मिटला. पापणी नीट मिटत नसल्याने तो कोरडा पडत होता, त्यात खालच्या बाजूला असल्याने कापडावर घासला जात होता. रंगद्रव्य टाकून तपासल्यावर बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडा दिसला. प्रतिजैविक थेंब (स्टेरॉइड नसलेले, कारण ओरखड्यावर स्टेरॉइड पडलं की जखम चिघळते) आणि दिवसातून अनेकदा वंगणासारखं जेल सुरू केलं. डोळा वाचला, पण त्या दुखण्याने तिचं खाणं पुन्हा दीड दिवस मागे गेलं.

आई आणि भुऱ्या

परजीवीचा संशय असल्याने आईचा प्रश्न आला. माणसात हा संसर्ग विरळा, पण ज्यांची प्रतिकारशक्ती दबलेली असते त्यांना धोका असतो. कापशीला दुसऱ्या घरी हलवावं का, इथपर्यंत विचार झाला. आईच्या डॉक्टरांशी बोलून मधला मार्ग निघाला: पॅड बदलणं, धुणं, मागचा भाग पुसणं हे सगळं मुलीने हातमोजे घालून करायचं, आईने फक्त तोंडाकडची बाजू सांभाळायची आणि नंतर साबणाने हात धुवायचे. कापड उकळत्या पाण्यात. फरशी आधी पाण्याने धुऊन लघवी काढायची आणि मगच पातळ ब्लीच लावायचं, कारण लघवीतला अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो. ससा बीजाणू मुख्यतः संसर्गानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत टाकतो आणि लक्षणं कित्येकदा त्यानंतर खूप उशिरा दिसतात, म्हणून धोका मुळात मर्यादित होता.

भुऱ्याची चाचणी करायची का? केली नाही. सकारात्मक आली असती तरी लक्षणं नसताना उपचार बदलले नसते. त्याला वेगळं ठेवायचं का, हा प्रश्न जास्त अवघड होता. एकत्र ठेवलं तर तो अंगावर चढून तिला घाबरवणार, पूर्ण तोडलं तर जोडी तुटण्याची भीती, शिवाय एकट्या सशाचं खाणं मंदावतं. चौकटीच्या एका बाजूला जाळी लावून त्याला पलीकडे ठेवलं. तो जाळीला टेकून झोपायचा. दहाएक दिवसांनी, कोणीतरी समोर असताना, जाळी काढली. त्याने पहिलं काम केलं ते तिचा डावा कान चाटायचं.

पाचवा दिवस

पाचव्या दिवशी लोळणं वाढलं. चौकटीतही ती गुंडाळ्यांवर आदळत होती. मुलीने रात्री पशुवैद्यांना विचारलं, "हिला सोडवावं का?" हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही, पण थकलेल्या रात्री त्याचं उत्तर देऊ नये, असं ते म्हणाले. त्याऐवजी फोनवरच निकष लिहून घेतले. स्वतःहून किंवा सिरिंजने खाते का? वजन सावरतंय का? लोळण्याच्या मधे शांत वेळ असतो का, आणि त्या वेळी ती आवाजाला कान हलवते का? दुखणं औषधाने आटोक्यात आहे का? यांपैकी दोन गोष्टी तीन दिवस सलग हातच्या गेल्या तर निरोप द्यायचा.

आईने हे ऐकलं आणि म्हणाली, "अगं, खातेय ना ती? मान वाकडी आहे म्हणून जनावर वाया जात नाही. न खाणारं जनावर वेगळं."

मेक्लिझिनची मात्रा पशुवैद्यांनी थोडी बदलली. आठव्या दिवसापर्यंत लोळणं दिवसातून काही वेळांवर आलं. वजन जिथे होतं तिथे थांबलं आणि मग हळूहळू चढलं.

चार आठवड्यांनंतर

फेनबेंडाझोलचे २८ दिवस संपेपर्यंत लोळणं थांबलं होतं, बुबुळं स्थिर होती आणि कापशी वाटीतून खात होती. मान मात्र ठळकपणे डावीकडेच. चौकट टप्प्याटप्प्याने मोठी केली, न घसरणाऱ्या सतरंज्या पसरल्या, आणि हातात पाला धरून तिला इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या वाटेने दोन्ही बाजूंना चालवायला सुरुवात झाली, म्हणजे नावडत्या बाजूलाही वळावं लागेल.

मग सुधारणा ठप्प झाली. आता ती भूल सोसण्याइतकी सावरल्याने सीटी झाला. डाव्या कानामागची पोकळी पूर्ण भरलेली, हाडाची भिंत जाड झालेली, उजवी स्वच्छ. सशाचा पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो. तो वाहून जात नाही आणि औषधही त्याच्यात फारसं शिरत नाही. म्हणून शस्त्रक्रियेने पोकळी उघडून साफ करण्याचा पर्याय समोर आला. धोके होते भुलेचे आणि चेहऱ्याच्या नसेला इजा होण्याचे, आणि मान सरळ होईलच याची हमी नव्हती. कुटुंबाने तूर्त शस्त्रक्रिया टाळली. प्रतिजैविक आणखी बरेच आठवडे चाललं, आणि पुन्हा लोळणं, वजन घटणं किंवा कानामुळाशी दुखणं यांपैकी काहीही दिसलं तर शस्त्रक्रिया करायची, असं लिहून ठेवलं. हा निर्णय दुसऱ्या एखाद्या सशासाठी चुकीचा ठरू शकतो. पोकळी भरलेली असताना दुखणं ओळखण्यात चूक झाली तर जनावर मूकपणे सोसत राहतं.

निष्पत्ती

वर्षभरानंतर कापशीची मान डावीकडे थोडी कललेलीच आहे. ती धावते, दचकली की एका अंगावर कोसळते आणि उठून पुन्हा धावते. शौचाच्या ट्रेची एक बाजू कापून खाली केली आहे. उंच जागी चढायची सोय काढून टाकली आहे. डाव्या डोळ्यात रोज जेल जातं. दुसऱ्या सीटीत पोकळी तशीच भरलेली होती, भिंत आणखी जाड झालेली नव्हती. परजीवीचा त्यात वाटा होता की नाही, हे सिद्ध झालं नाही आणि आता होणारही नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वात आधी, कान. खाजवणं आणि डोकं झटकणं सुरू झालं तेव्हाच पशुवैद्यांनी आत पाहिलं असतं, तर कदाचित संसर्ग मधल्या कानापर्यंत पोचण्याआधी सापडला असता. मेण पुसून खाजवणं कमी होणं हा पुरावा नव्हता. आता दोन्ही सशांचे कान दर काही महिन्यांनी तपासले जातात आणि कानाचं मूळ चाचपून दोन्ही बाजूंची तुलना होते.

दुसरं, जेल पहिल्या दिवसापासून हवं होतं. पापणी मिटत नाही हे पहिल्याच तपासणीत दिसलं होतं, पण सगळ्यांचं लक्ष लोळण्याकडे होतं.

तिसरं, निकष पाचव्या रात्री लिहिले गेले, ते पहिल्या दिवशी लिहिता आले असते. त्या रात्री फोन उचलला गेला नसता तर काय झालं असतं, हे मुलीने मला विचारलं होतं. मी त्याचं उत्तर दिलं नाही.

सीटी लवकर करायला हवा होता का, यावर मात्र माझं आणि पशुवैद्यांचं एकमत नाही. ते म्हणतात, पहिल्या आठवड्यात भूल धोक्याची होती. मला वाटतं, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती सोसली असती, आणि पोकळी एवढी भरलेली आहे हे तेव्हा कळलं असतं तर शस्त्रक्रियेचा विचार हाड जाड होण्याआधी करता आला असता.